आणखी किती परीक्षा?

आश्विन शुद्ध प्रतिपदेला ठाण्याच्या टेंभी नाक्यावर देवीचे घट बसतात. त्याच नाक्याजवळ ‘शाआर हाशामाईम’, म्हणजे ‘स्वर्गाचे द्वार’, ह्या नावाचे यहुदी प्रार्थनामंदिर १८७९ सालापासून उभे आहे, आणि तेथे पुष्कळदा त्याच सुमारास नव्या वर्षाचे एडक्याचे शिंग फुंकले जाते. २०२२, २०२४ आणि २०२५ ह्या तिन्ही वर्षी घटस्थापना आणि यहुदी वर्षारंभ एकमेकांस लागून आले. ह्यात योगायोग थोडा आणि गणित अधिक आहे. यहुद्यांचे महिने आपल्याप्रमाणेच चंद्रावर चालतात आणि ऋतूंशी मेळ राहावा म्हणून त्यांनाही अधिक महिना धरावा लागतो. २०२३ साली आपला अधिक श्रावण आला, त्यांचा अधिक महिना मात्र नंतर आला. म्हणून त्या वर्षी दोन्ही सणांची महिन्याने चुकामूक झाली. एकाच नाक्यावर दोन प्राचीन पंचांगे अशी शेजारी नांदावीत, एकीच्या ढोलाचा दुसरीच्या शिंगाला उपसर्ग वाटू नये, ही ह्या शहराने मिरवावी अशी गोष्ट आहे. ठाणेकर ती फारशी मिरवीत नाहीत, कारण त्यांना तिच्यात काही विशेष वाटतच नाही. शेजारधर्माचे खरे लक्षण हेच असावे.

ह्या सहज नात्यात अलीकडे एक बोचरा प्रश्न शिरू पाहत आहे, आणि म्हणूनच आज हा विषय आम्ही पहिल्या पानावर घेतला आहे. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने इस्रायलवर हल्ला करून सुमारे १,२०० माणसे मारली आणि सुमारे अडीचशे माणसांना ओलीस धरून नेले. त्यानंतर पेटलेल्या युद्धात गाझातील आरोग्य खात्याच्या हिशेबाप्रमाणे ६०,०००हून अधिक माणसे मृत्यू पावली, आणि त्यांत बायकामुलांची संख्या मोठी होती. ह्या दोन्ही गोष्टींनी ज्याचे अंतःकरण हलले नाही त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. इस्रायली सरकारच्या धोरणावर आपल्या देशात कडाक्याचे मतभेद आहेत, ते असावेत, आणि ज्याला टीका करायची आहे त्याने ती मोकळेपणाने करावी. परंतु तेल अवीव आणि गाझा ह्यांच्या भांडणाचा जाब टेंभी नाक्यावरच्या, भायखळ्याच्या किंवा अलिबागच्या यहुद्याला विचारण्याचा अधिकार कोणाला कसा पोचतो? आणि त्याच वेळी दुसरी एक मंडळी त्याच यहुद्याच्या पाठीवर थाप मारून ‘तुम्ही आमचे मित्र’ असे सांगत आपल्या राजकारणाच्या मिरवणुकीत त्याला पुढे उभा करू पाहतात. तो अधिकार तरी त्यांना कोणी दिला? पहिल्याच्या दृष्टीने तो इस्रायलचा हस्तक आणि दुसऱ्याच्या दृष्टीने तो इस्रायलचा नमुना. तो कोकणातला मराठी माणूस आहे, हे दोघांनाही सुचत नाही.

वास्तविक ह्या समाजाची ओळख मराठी वाचकाला करून द्यावी लागावी, हीच थोडी शरमेची बाब आहे. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, त्यांच्यापासून आपला वंश वाढला, अशी बेने इस्रायल समाजाची पारंपरिक श्रद्धा आहे. ते गलबत कोणत्या शतकात फुटले ह्यावर पंडितांचे एकमत नाही आणि आजच्या आमच्या मुद्द्याला त्याची गरजही नाही. रायगड जिल्ह्याच्या गावोगावी ही मंडळी पसरली, तेलाचे घाणे चालवू लागली, आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून ‘शनवार तेली’ म्हणून ओळखली जाऊ लागली. दिवेकर, पेणकर, रोहेकर, चेऊलकर, राजपूरकर, केहिमकर ही आडनावे वाचली की कुलाब्याचा नकाशा डोळ्यांपुढे येतो.

आडनावांहूनही बोलकी आहेत ती त्यांच्या सणांची जुनी नावे. वर्षारंभ तो ‘नव्याचा सण’. पापक्षालनाचा कडक उपवास, ज्या दिवशी दारे लावून घरात बसायचे, तो ‘दरफाळणीचा सण’, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीचा ‘शिळा सण’. नव्या तांदळाची खीर करण्याचा तो ‘खिरीचा सण’. एस्तेर राणीच्या स्मरणाचा उत्सव फाल्गुनाच्या आसपास येतो, तेव्हा त्याला सरळ ‘होळीचा सण’ म्हणून टाकले. आणि जेरुसलेमचे मंदिर पडले त्याच्या सुतकाचा दिवस? तो ‘बिरड्याचा सण’! हजारो कोसांवरच्या आणि शतकांपूर्वीच्या त्या मंदिराचे दुःख कोकणच्या बाईने मोड आलेल्या वालांचे बिरडे करून पाळावे, ह्यात त्या समाजाचा सारा इतिहास आला. भाविकाला ज्याचे दुःख व्हायचे ते तिकडचे, आणि ज्या अन्नाने ते दुःख पाळायचे ते इकडचे. त्यांचा नवसाचा विधी ‘मलिदा’ हाही तसाच आहे. स्मरण एलियाहू प्रेषिताचे, आणि ताटात पोहे, नारळ, साखर, वेलदोडा.

ह्या समाजाची परीक्षा घेण्याची हौस मात्र अनेकांना झालेली दिसते. पहिली परीक्षा आख्यायिकेतली आहे. दावीद राहबी नावाचा कोणी विद्वान यहुदी कोकणात आला आणि ही शनिवार पाळणारी माणसे खरोखरच यहुदी आहेत की काय, हे पाहण्यासाठी त्याने बायकांपुढे निरनिराळे मासे ठेवले, असे सांगतात. त्यांनी पर आणि खवले असलेली मासळी तेवढी उचलली आणि बाकीची बाजूला सारली. कोळंबी आणि चिंबोरी ज्या किनाऱ्यावर घरोघर शिजते, तेथे हा नियम पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला, तेव्हा त्याला शंका उरली नाही. पोथी हरवली तरी चुलीला शास्त्र पाठ होते.

पुढे बगदादहून आलेले धनिक यहुदी मुंबईत स्थायिक झाले. त्यांनी भायखळ्याचे आणि काळा घोड्याजवळचे अशी सुंदर प्रार्थनामंदिरे बांधली, शाळा काढल्या, दानधर्म केला. ससून घराण्याचे नाव मुंबईत आणि पुण्यात अजून दगडावर कोरलेले आहे. पण त्यांतल्या काहींना ह्या काळ्यासावळ्या, मराठी बोलणाऱ्या धर्मबंधूंच्या यहुदीपणाविषयी शंका होती, आणि ती स्मशानभूमीत वेगळ्या जागेची मागणी करण्यापर्यंत गेली. बेने इस्रायलांतही ‘गोरे’ आणि ‘काळे’ असा भेद होता, हे येथे न लपवता सांगितले पाहिजे. तो रोग त्यांनी पॅलेस्टाइनहून आणला नव्हता. तो त्यांना आपल्याच हवेत जडला.

सर्वांत कठोर परीक्षा झाली ती ज्या भूमीकडे तोंड करून ते प्रार्थना करीत आले त्याच भूमीत. १९४८ साली इस्रायल हे राष्ट्र स्थापन झाले. त्यानंतर हजारो बेने इस्रायल कुटुंबे तिकडे गेली. येथे कोणी त्यांना छळले म्हणून ती गेली नाहीत. यहुद्यांच्या जगभरच्या इतिहासात असे म्हणता येईल अशी ठिकाणे अगदी थोडी आहेत आणि आपली भूमी त्यांतली एक आहे. काही धर्मश्रद्धेने गेली, तर काही इंग्रज गेल्यावर रेल्वे, टपाल आणि सरकारी कचेऱ्यांतल्या नोकऱ्यांचे कसे होणार ह्या चिंतेने. तेथे त्यांच्या वाट्याला आली दक्षिणेच्या रणातली नवी गावे, अंगमेहनतीची कामे आणि रंगावरून होणारी अवहेलना. काहींनी ‘आम्हांला परत हिंदुस्थानात पाठवा’ म्हणून धरणे धरले, आणि १९५२ साली काही कुटुंबे खरोखरच परत आली. त्यांतली बरीचशी पुढे पुन्हा तिकडेच गेली, ही गोष्टही तितकीच बोलकी आहे. दोन घरे असलेल्या माणसाची तगमग एक घर असलेल्याला सहसा कळत नाही.

मग १९६२ साली तेथील मुख्य धर्मपीठाने फर्मान काढले की, बेने इस्रायल वधूवरांचा विवाह इतर यहुद्यांशी लावण्यापूर्वी त्यांच्या आईच्या, आजीच्या आणि शक्य तेथवर त्यामागच्या पिढ्यांच्या कुळाची चौकशी व्हावी. ज्यांनी दोन सहस्रके शनिवार पाळला असे मानले जाते, त्यांच्याकडे आजीचा दाखला मागण्यात आला! ह्या अपमानाविरुद्ध त्यांनी जे हत्यार उचलले ते बायबलातले नव्हते. १९६४ च्या उन्हाळ्यात पुरुष, बायका आणि मुले जेरुसलेममध्ये येऊन धरणे धरून बसली. सत्याग्रहाची ही रीत ती कोठून शिकली होती ते मराठी वाचकाला सांगायला नको. अखेर त्या वर्षीच्या ऑगस्टात इस्रायलच्या संसदेने ठराव करून बेने इस्रायल हे सर्वार्थाने यहुदी आहेत असे जाहीर केले, आणि धर्मपीठालाही आपले शब्द मागे घ्यावे लागले. खऱ्या यहुदीपणाच्या परीक्षेत ह्या लोकांनी आपल्या भारतीयपणाच्या बळावर यश मिळवले, असे म्हणण्यास आम्हांला हरकत दिसत नाही.

आज तिकडे भारतीय वंशाचे सुमारे ८५,००० यहुदी असल्याचे सांगितले जाते. त्यांतले बहुसंख्य बेने इस्रायल असून ते अश्दोद, लोद, रामला, बेरशेबा, दिमोना अशा गावी राहतात. त्यांच्यातल्या मंडळींनी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालवले आणि महाराष्ट्र दिनाचे समारंभ केले. दिमोनाच्या वाळवंटात क्रिकेट खेळले गेले ते ह्याच लोकांमुळे. भारत ही मातृभूमी आणि इस्रायल ही पितृभूमी, असे ते म्हणतात. आम्ही आपल्या भाषेत म्हणू की, कोकण हे त्यांचे माहेर आहे. येथे उरलेल्यांचा इस्रायलशी असलेला संबंध तो हा. कोणाची बहीण तिकडे, कोणाचा मुलगा तिकडच्या सैन्यात, कोणाची नात हिब्रूत बोलते आणि आजीच्या मराठीला हसून उत्तर देते. क्षेपणास्त्रे पडू लागली की ठाण्यातल्या घरात रात्रभर फोन वाजतो. त्या काळजीला कोणी ‘विदेशनिष्ठा’ म्हणत असेल, तर आखातात, अमेरिकेत आणि इंग्लंडात ज्यांची मुले आहेत अशा आपल्या लक्षावधी घरांनाही तेच नाव द्यावे लागेल.

ह्या संबंधाला राजकीय धोरणाची कधीच वाट पाहावी लागली नाही. भारताने इस्रायलला १९५० साली मान्यता दिली, पण संपूर्ण राजनैतिक संबंध जुळायला १९९२ साल उजाडले. मधल्या चार दशकांत नवी दिल्लीचा कल अरब राष्ट्रांकडे होता. २०१७ साली भारताचे पंतप्रधान प्रथमच इस्रायलला गेले आणि वारे उलट दिशेने वाहू लागले. त्या पहिल्या काळात ठाण्याच्या यहुद्याची बहीण कमी जवळची नव्हती, आणि आताच्या काळात ती अधिक जवळची झालेली नाही. सरकारांची मैत्री जुळते आणि तुटते. नात्यागोत्याचे वेळापत्रक परराष्ट्रखात्यात ठरत नाही.

आणखी एक गोष्ट ह्या संदर्भात आठवण ठेवण्यासारखी आहे. १८९७ साली पहिल्या झायोनिस्ट परिषदेचे निमंत्रण मुंबईच्या बेने इस्रायलांकडे आले तेव्हा, परत नेणारा परमेश्वर आहे, त्याच्या हाताची आम्ही वाट पाहू, अशा अर्थाचे उत्तर देऊन त्यांनी ते नाकारले. त्याच वर्षी हाइम सॅम्युएल केहिमकर आपल्या समाजाचा इंग्रजी इतिहास लिहून पुरा करीत होते. तो छापला गेला चाळीस वर्षांनी, १९३७ साली, आणि तोही तेल अवीवमध्ये. कोकणच्या माणसांचा इतिहास कोकणच्या माणसाने लिहावा आणि त्याला छापखाना मिळावा समुद्रापलीकडे, ह्यात आपल्या पुस्तकप्रेमाची फारशी शोभा दिसत नाही. त्यापूर्वीची आपली पिढी ह्या बाबतीत अधिक उदार होती असे दिसते. वल्हांडण सणाचे ‘हागादा’ हे पुस्तक १८७४ साली पुण्यात हिब्रू मजकूर आणि मराठी भाषांतर अशा दोन्हींनिशी निघाले. बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका त्याच्या चित्रांत देशी पोशाखात दिसतात, आणि मुद्रकाचे नाव आहे विठ्ठल सखाराम अग्निहोत्री! अग्निहोत्र्याच्या छापखान्यात यहुद्यांची पोथी निघाली आणि पुणे बुडाले नाही.

देण्याघेण्याचा हिशेब मांडायला बसलो तर आपणच ऋणको ठरू. ज्यांच्या नावाचा रस्ता महालक्ष्मी-वरळीकडे जातो ते डॉ. ई. मोझेस १९३७-३८ साली मुंबईचे महापौर होते. कामा रुग्णालयात हजारो बाळंतिणींना जीवदान देणाऱ्या डॉ. जेरुशा झिराड यांना १९६६ साली पद्मश्री मिळाली. पहिला बोलपट ‘आलम आरा’ (१९३१) ज्या नाटकावर आधारला ते जोसेफ डेव्हिड यांचे. ‘बूट पॉलिश’मधला जॉनचाचा साऱ्या देशाला रडवून गेला, तो डेव्हिड अब्राहम चेऊलकर नावाचा चौलकडचा माणूस. इंग्रजीत कविता लिहिणाऱ्या निसीम इझिकेल यांनी इंदिरा संतांची मराठी कविता वृंदा नाबर यांच्यासह इंग्रजीत नेली. ही नावे घेताना कोणी त्यांना इस्रायलविषयी त्यांचे मत विचारले नव्हते.

मुंबईच्या मांडवी भागातले जुने प्रार्थनामंदिर १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी उभारले. त्याला बेने इस्रायलांच्या बोलीत ‘जुनी मशीद’ म्हणत. शेजारच्या मशीद स्थानकाचे नाव त्यावरूनच पडले असे सांगतात. आज त्याच्या सभोवती दाट मुसलमान वस्ती आहे. भायखळ्याच्या यहुदी देवळाच्या आवारातील ससून शाळेत बहुसंख्य मुले मुसलमानांची आहेत. आणि २००८ साली नोव्हेंबरात नरिमन हाऊसमध्ये धर्मगुरू गॅव्रिएल होल्ट्झबर्ग, त्यांची पत्नी रिव्का आणि इतर यहुदी यांची कत्तल झाली, तेव्हा त्यांच्या दोन वर्षांच्या मोशेला उराशी धरून बाहेर धावली ती सॅन्ड्रा सॅम्युएल ही त्याची ख्रिस्ती दाई. त्या मारेकऱ्यांना आपल्या कबरस्तानात जागा देण्यास मुंबईच्या मुसलमान समाजाने साफ नकार दिला. गाझाच्या वादात आज मुंबईकरांना एकमेकांविरुद्ध उभे करू पाहणाऱ्यांनी हे नोव्हेंबरातले शहर एकदा आठवावे.

तेव्हापासून यहुदी देवळांच्या दारांवर पोलीस आहेत. ते असले पाहिजेत, त्यात कुचराई नको. पण पहारा म्हणजे आपुलकी नव्हे, आणि ह्या समाजाला खरा धोका आहे तो वेगळ्याच दिशेने. १९५१ च्या जनगणनेत भारतात २६,०००हून अधिक यहुदी होते. २०११ साली ते ४,६५० उरले, आणि महाराष्ट्रात सुमारे २,५००. सामुदायिक प्रार्थनेला त्यांच्या धर्माप्रमाणे दहा प्रौढ पुरुष लागतात. ठाण्यात ते अजून जमतात. कोकणातल्या देवळांत मात्र हे दहा जण जमवणे कठीण होऊन बसले आहे. रेवदंड्याचे देऊळ १८४२ चे, अलिबागच्या इस्रायल आळीतले १८४८ चे, पनवेलचे १८४९ चे, पेणचे १८६३ चे. सणावारी मुंबई-ठाण्याहून कोणी आले, तिकडून पाहुणे आले, तर दिवे लागतात. एरवी कुलूप. काळा घोड्याजवळच्या ‘केनेसेथ एलियाहू’चा जीर्णोद्धार २०१९ साली थाटात झाला, त्याला युनेस्कोचे पारितोषिक मिळाले, ह्याचा आनंद आहे. पण तेथे धनवंतांचे हात पुढे आले. रेवदंड्याच्या कौलांसाठी कोण येणार?

राज्य सरकारने २०१६ साली यहुद्यांना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. ठीक झाले. तथापि दर्जाच्या कागदाने कौले शाकारली जात नाहीत. जनगणनेत ज्यांची गणना ‘इतर’ ह्या रकान्यात होते, ज्यांच्या मतांनी एकही प्रभाग फिरत नाही, त्यांच्या स्मशानभूमीच्या कुंपणाचा प्रश्न कोणत्या सभेत निघणार? नवगावला ज्या जागी त्या फुटलेल्या गलबतातल्या माणसांना पुरले अशी श्रद्धा आहे, ती जागा केवळ एका समाजाची नाही. ती कोकणच्या इतिहासाची आहे. रायगड जिल्ह्यातील यहुदी देवळे आणि दफनभूमी यांची मोजणी करून, हद्दी कायम करून, त्यांना संरक्षित वास्तूंच्या यादीत घालणे हे सरकारचे काम आहे. आणि ते समाजाच्या विश्वस्तांना बरोबर घेऊन व्हावे, त्यांच्या डोक्यावरून नव्हे.

दुसरे काम मात्र सरकारचे नाही, ते आम्हां मराठी वाचणाऱ्यांचे आहे. गेल्या शतकात आणि त्यामागच्या शतकात ह्या समाजाने मराठीत प्रार्थनापुस्तके छापली, बायबलातल्या कथांवर कीर्तने रचली, मासिके काढली. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणण्यात आयुष्य वेचले. वडील गेले आणि मुले तिकडे गेली की ही पुस्तके माळ्यावर राहतात आणि एक दिवस रद्दीवाल्याच्या तराजूत जातात. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे, म्हणजे टेंभी नाक्याच्या देवळाहून अवघे चौदा वर्षांनी धाकटे. दोन्ही संस्थांच्या चालकांनी एकत्र बसून ह्या पुस्तकांसाठी एक स्वतंत्र कपाट करावे, घरोघरीचे जुने साहित्य मागून घ्यावे, त्याची सूची करावी. त्या चोपड्यांतली कीर्तने ज्यांच्या अजून तोंडपाठ आहेत अशी वडीलधारी माणसे आज ठाण्यात, मुंबईत आणि लोद-अश्दोदमध्येही आहेत. त्यांच्याकडे जाऊन ती चालींसकट टिपून घेण्याचे काम पुढच्या नव्याच्या सणापूर्वी सुरू झाले पाहिजे.